डावा हात कामठीले गेला

आमच्या घरमालकांना नळ गळतो आहे हे सांगायचं असलं, तर ते मंगळवारी सांगावं लागे.

सोमवारी सांगितलं तर ते "लेखी द्या" म्हणत. गुरुवारी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते नळावरून टाकीवर, टाकीवरून गोरेवाड्याच्या तलावावर आणि तलावावरून तिथल्या बगळ्यांवर पोचलेले असत. शुक्रवारी डोळे मिटून बराच वेळ गप्प बसत आणि मी निघाले की मागून एक "हं" येई. शनिवारी मात्र लगेच वर येत, फक्त हातात पान्ह्याऐवजी पतंगाची चक्री असे. मंगळवारी ते दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत, नळ दुरुस्त करत, न सांगितलेली खिडकीची कडीही ठोकून देत आणि जाताना माझ्या नवऱ्याच्या पाठीवर विनाकारण एक थाप मारून जात.

हे ध्यानात यायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मी कामं आणि वार यांची सांगड घालून जगणारी बाई आहे. नागपूरच्या मिहानमधल्या कचेरीत दिवसभर तेच करते आणि घरी फ्रिजवर आठवड्याचा कागद लावते. पण माणसाचा स्वभावसुद्धा वारांत वाटून ठेवता येतो, हे मला गोकुळपेठेतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेल्यावर कळलं.

खालच्या बैठकीत एक काळा, उभा, जुना पियानो होता. घरमालक काका रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई संध्याकाळी जॅझ वाजवायची. तिच्या खुर्चीमागे उभं राहून राहून हे शिकले. पुढे तो क्लब बंद झाला, तेव्हा त्यांनी पियानो संत्र्याच्या ट्रकमधून, संत्र्यांच्याच गवतात गुंडाळून घरी आणला. खर्जातली एक पट्टी दाबली की अजून संत्र्याचा वास येतो असं ते सांगत. मी नाक लावून पाहिलं आहे. मला जुन्या लाकडाचा आला. माझ्या नवऱ्याला संत्र्याचा आला, पण तो मंगळवारच्या थापेला घाबरून असे.

तर जॅझ पियानोचा सगळा इतिहास काकांनी आठवड्यात बसवला होता. सोमवारी शतकाच्या सुरुवातीचा रॅगटाइम, मंगळवारी विशीच्या दशकातला स्ट्राइड, आणि असं करत करत रविवारी विजेवरचा पियानो. नुसतं वाजवण्यापुरतं नाही. ज्या दिवशी जे दशक, त्या दिवशी चालणं, बोलणं, जेवणं त्याच दशकाचं. सोमवारी इस्त्रीचा सदरा आणि ताठ मान. शुक्रवारी बिनबाह्यांचा बनियन, दोनच शब्द आणि चहा फुंकत राहणं.

"मॅडम," ते मला म्हणाले होते, "जॅझ म्हणजे काही एक चीज नाही. दर दहा वर्षांनी तिचा स्वभाव बदलते. माणूस अख्ख्या जनमात एकच स्वभाव घेऊन फिरते. मी सात ठेवले. कोणाचं काही बिघडून राहिलं का?"

"माझं बिघडून राहिलं," आतून काकूंचा आवाज आला. "सात नवऱ्यांच्या पोळ्या लाटून राहिली मी."

काकू कामठीच्या. ठेंगण्या, गोल, हसताना आधी खांदे हलणाऱ्या. त्यांच्या वडिलांच्या घरी पुढच्या अर्ध्या भागात यंत्रमाग चालत आणि मागच्या अर्ध्या भागात माणसं राहत. काका त्यांना बघायला गेले तेव्हा माग चालूच होते, कारण पाहुणे आले म्हणून माग थांबवायची त्या घरात पद्धत नव्हती. पुढचं मी काकूंच्याच तोंडून ऐकलं आहे.

"मी पोहे घेऊन बाहेर आली. तर हे माझ्याकडे पाहूनच नाही राहिले. मान वाकडी, कान मागाकडे, अन् डाव्या हाताची बोटं ताटलीवर टकटक टकटक. माझ्या बापाले वाटलं, पोराले झटके येतात. त्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना? तर हे म्हणतात, मामाजी, तुमच्या घरी बूगी-वूगी चालू आहे. बाप म्हणाला, आमच्या घरी तसलं काही चालत नाही. मले आत जाऊन पदर तोंडात कोंबावा लागला. मी मायले म्हटलं, हाच."

बूगी-वूगीत डावा हात एकच एक लड पुन्हा पुन्हा फिरवत ठेवतो, थकत नाही, थांबत नाही, आणि वरती उजवा हात वाटेल ती चेष्टा करतो. ती लड म्हणजे मागाची खटखट, हे काकांनी त्या दिवशी ठरवलं. म्हणून बुधवार काकूंचा. बुधवारी सकाळी खालून तो डावा हात सुरू झाला की स्वयंपाकघरातलं लाटणंही त्याच चालीनं पोळपाटावर पडू लागे आणि वर आमच्या पोळ्यासुद्धा गोल होत. संध्याकाळी त्याच वारी स्विंग असे, तेव्हा काकू भाजी निवडायला बैठकीतच येऊन बसत. बाकीचे वार त्या सोसत. शनिवार सोसत नसत.

शनिवार साठच्या दशकाचा. तेव्हा काही वादकांनी सूर, ताल, चाल सगळं सोडून दिलं आणि त्या क्षणी हाताला येईल ते वाजवू लागले, असं काकांनी मला समजावलं होतं. ऐकायला ते कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव चालू असताना कोणीतरी भांड्यांचं कपाट पाडावं तसं वाटे. शनिवारी काकू देवळात जात. आधी एका देवळात जात, मग तीन देवळांत जाऊ लागल्या.

रविवारचं एक सांगायलाच हवं. सत्तरच्या दशकात पियानोला वीज लागली, म्हणून काकांना रविवारसाठी विजेवरचा पियानो हवा होता. तो घ्यायला सीताबर्डीला ते मला बरोबर घेऊन गेले, कारण मी घासाघीस चांगली करते असं त्यांचं मत. दुकानदार उत्साहानं बटणं दाबून दाखवू लागला.

"काका, यात बासरी आहे, सतार आहे, टाळ्या आहेत, पावसाचा आवाजपण आहे."

"पाऊस माझ्याकडे फुकट येते," काका म्हणाले. "मले फक्त वीज पाहिजे. रविवारपुरती."

"म्हणजे भाड्यानं?"

"नाही गा. बाकीच्या वारांचा माझ्याकडे आहे."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जणू हे सगळ्यांकडेच असतं. मग काकांनी डावा हात त्या पियानोवर ठेवला आणि उजवा काउंटरच्या काचेवर, आणि वाजवायला लागले. काचेखालचे मोबाइल थरथरू लागले. बाहेर बनियनच्या गाडीवरचा माणूस ओरडायचं थांबला. दोन कॉलेजच्या मुली नाचू लागल्या आणि एका ऑटोवाल्यानं मधेच ऑटो थांबवला, त्यामागे दुसरा, त्यामागे सिटी बस. दुकानदारानं मी सांगितला तो भाव घासाघीस न करता मान्य केला, म्हणाला, घेऊन जा, पण आत्ता जा.

त्या पियानोला कानाला लावायचे हेडफोन होते. त्यामुळे रविवारी खालून फक्त पट्ट्यांची खडखड आणि काकांचं बेसूर गुणगुणणं ऐकू येई. नुसतं बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला थंडी वाजते आहे.

आता डाव्या हाताची गोष्ट. तो मंगळवार होता आणि काका माझ्या स्वयंपाकघरात नळाखाली वाकलेले होते. पान्हा बाजूला ठेवून ते एकदम म्हणाले, "मॅडम, जॅझ पियानोचा इतिहास म्हणजे काय? सांगू? डाव्या हाताले सुट्टी कशी भेटली, त्याचा इतिहास."

आणि माझ्या ओट्यावर त्यांनी वाजवून दाखवला. "सोमवारी पाहा. धम-चक, धम-चक. डावा हात सरकारी नोकर. टेबल सोडत नाही. उजवा त्याचा उनाड भाऊ. उशिरा येते, मधेच पळते, पण डावा जागेवर आहे म्हणून घर चालते. मंगळवारी तर डाव्याची कमालच." त्यांचा हात ओट्याच्या या टोकापासून गॅसच्या शेगडीपर्यंत उड्या मारू लागला. "खाली सूर, वर सुरांचा झुबका, खाली, वर, खाली, वर. ढोल तोच, ताल तोच, खर्ज तोच. एकटा. बुधवारी पुन्हा तोच, इंजिनासारखा. अन् मग लागते चाळीसचं दशक. गुरुवार. खर्जासाठी वेगळा गडी आला, तालासाठी ढोलवाला आला. ते म्हणाले, बाबा, तू बस आता. तेव्हापासून डावा हात मधून मधून 'अच्छा', 'मग' एवढंच म्हणते, अन् उजवा बोलतच सुटते. शुक्रवारी दोघंही कमी बोलतात. अन् शनिवारी कोण डावा, कोण उजवा, काही पत्ता नाही. सगळे सारखे."

काकू दारात डबा घेऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नव्हतं.

"अन् आपल्या घरी कधी लागते ते चाळीसचं दशक?" त्या म्हणाल्या.

"काय वं?"

"डावा हात अजून विशीतच आहे म्हटलं. सिलिंडर मी लावते, दूध मी घेते, टाकी मी भरते, तुमचे सात वारांचे सात सदरे मी ओळखते. तुम्ही वाजवा उजव्या हातानं."

तो मंगळवार होता, म्हणून काका सगळ्यात मोठ्यानं हसले. शुक्रवार असता तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं.

खरं भांडण मात्र सुरांचं नव्हतं, कूलरचं होतं. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण नागपुरात होळी झाली की माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी कूलर बसवला का, हे विचारतात. गवत बदललं का, पंप चालतो का, खिडकी कोणती काढली. आणि काकांच्या घरात खालच्या मजल्यावर कूलर नव्हता. ओल्या हवेनं पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून नाही. एसीच्या कोरड्या हवेनं लाकूड तडकतं, म्हणून तोही नाही. बैठक आणि निजायची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती कमान होती, म्हणून तिथेही काही नाही. मे महिन्यात त्या घरात छताचा पंखा फक्त गरम हवा इकडून तिकडे करायचा. काका घामानं निथळत वाजवत. काकूंनी कितीतरी उन्हाळे पायाखाली ओला टॉवेल घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसून काढले, कारण घरात तेवढीच एक जागा पियानोपासून लांब होती.

शेवटी त्या दर वर्षी होळीनंतर भावाकडे कामठीला जाऊ लागल्या. त्याच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला लोखंडी कूलर होता. हवा निवली की परत येत. मी फ्रिजवरच्या कागदावर 'काकू कामठी' आणि 'काकू परत' असं लिहून ठेवत असे, कारण मधल्या काळात काकांचं दूध मला घ्यावं लागे.

एका वर्षी त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. पाऊस झाला, पोळा झाला, दिवाळीचा फराळ त्यांनी भाच्याच्या हाती पाठवून दिला, पण त्या आल्या नाहीत.

काका आधी दाखवत नव्हते. मग वार घसरायला लागले. एका सोमवारी ते चुरगळलेल्या सदऱ्यात दिसले. एका मंगळवारी मी नळाचं सांगितलं तर ते एक-एक पायरी चढत आले आणि पान्हा उलटा धरून उभे राहिले. आणि मग एका बुधवारी सकाळी पोळ्या करताना माझ्या ध्यानात आलं की खालून नुसताच उजवा हात ऐकू येतो आहे. बारीक, वरच्या पट्टीतला, जमिनीवर पाय नसल्यासारखा. मी कणीक झाकून खाली गेले.

काका पियानोवर बसले होते. डावा हात मांडीवर.

"काका, हात दुखतो का? डॉक्टरांकडे जायचं का? माझ्याकडे नंबर आहे."

"दुखत नाही मॅडम."

"मग?"

"कामठीले गेला."

त्यांनी ते विनोदानंच म्हटलं होतं. त्यांच्या मिशा हसत होत्या. पण उजवा हात पट्टीवरून उचलायला ते विसरले होते आणि तो एक सूर हळूहळू विझत गेला.

मला काम दिसलं की ते करून टाकल्याशिवाय चैन पडत नाही. पुढच्या सुट्टीला मी मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत आणि तिथून शेअर ऑटोनं कामठीला गेले. काकू मागच्या अंगणात भावाच्या नातसुनेला वड्या घालायला शिकवत होत्या. मला पाहून खांदे हलले.

"ह्यांनी पाठवलं का वं तुले?"

"नाही. मीच आले. काका नुसत्या उजव्या हातानं वाजवत आहेत."

काकूंचा हात वडीवर थांबला. मग त्यांनी ती वडी जरा जास्तच दाबली.

"माझं वाजवण्याशी भांडण नाही बेटा. त्यांचे सात वार मी मानले. पण मी इतकी वर्षं त्या पियानोच्या उन्हाळ्यात राहिली. एक दिवस त्यानं माझ्या उन्हाळ्यात राहून पाहावं. एवढंच."

"म्हणजे काय करायचं, ते स्पष्ट सांगा. मी काकांना तसंच सांगते."

"बैठकीत कूलर लावायचा. मी येईन, कूलरसमोर बसून त्यांचं वाजवणं ऐकीन. एक संध्याकाळ. अन् शनिवारीच येईन. बुधवारी काय, कोणीही येईल. ऐकवलं नीट, तर पाहू. नाही तर मी आपली इथे बरी आहे."

उन्हाळा तोंडावर आला होता. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. काका तीन दिवस, म्हणजे शुक्रवार, शनिवार आणि रविवार, काही बोलले नाहीत. सोमवारी इस्त्री करून सदरा घातला, स्वतः केलेली इस्त्री, कारण पाठीवर तिचा तिकोनी डाग होता, आणि म्हणाले, "लेखी द्या. येणारा शनिवार, संध्याकाळी. ती हो म्हणाली, तर मी कूलर आणतो."

मी लिहून पाठवलं. होकार आला. काकूंना परत न्यायला अंधार पडायच्या आत ऑटो पाहिजे, म्हणून तोही मी ठरवून टाकला. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. गुरुवार-शुक्रवार मला कचेरीच्या कामानं पुण्याला जायचं होतं. जाताना मी बजावलं, "काका, कूलर शनिवारी दुपारी लावा. अर्धा तास आधी. पट्ट्यांवर कापड टाका."

"जा मॅडम बिनघोर," ते म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण तो बुधवार होता आणि ते गुरुवारच्या वेगानं बोलत होते.

शनिवारी दुपारी मी परतले. फाटक उघडतानाच घर गुणगुणत असल्यासारखं वाटलं. बैठकीचं दार लोटलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. पुसून घातला, पुन्हा पांढरा. आत लग्नाच्या हॉलचा लोखंडी कूलर विमानासारखा गरजत होता. सगळ्या खिडक्या बंद. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, कॅलेंडर पोटुशी बाईसारखं फुगलं होतं आणि मधोमध काका, नवा कोरा सदरा अंगाला चिकटलेला, अतिशय समाधानी चेहऱ्यानं उभे होते.

"कधीपासून चालू आहे हा?"

"गुरुवारपासून," ते अभिमानानं म्हणाले. "थंडावा मुरायले वेळ लागते ना. खिडक्या गच्च लावल्या. जराही थंड हवा बाहेर जाऊ नाही दिली."

कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाही तर खोलीची वाफ होते, हे नागपुरात चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. काकांनी आयुष्यभर घरात कूलर येऊ दिला नव्हता. त्यांना हे कोण सांगणार.

मी खिडक्या उघडल्या, कूलरचा पंप बंद केला, पंखा चालू ठेवला, फडकी आणली. काका पियानोकडे गेले आणि त्यांनी एक पट्टी दाबली. सूर आला. पट्टी खालीच राहिली. दुसरी दाबली. तीही खालीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सातही वारांत मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"खाली जाते," ते हळू म्हणाले. "वर नाही येऊन राहिली."

"काकूंना फोन करून पुढचा शनिवार देऊ या."

"नाही मॅडम. ती एकदाच येते म्हणाली."

आणि फाटक वाजलं. काकू लवकरच आल्या होत्या. हातात एक छोटी पिशवी, डोक्यावर उन्हाचा पदर. बैठकीच्या दारात त्या थांबल्या. कूलर पाहिला. ओघळणाऱ्या भिंती पाहिल्या. खिडकीतल्या वर्तमानपत्राचा लगदा बोटानं काढून पाहिला.

"खिडक्या बंद करून लावला?"

काकांनी अंगाला चिकटलेला सदरा ओढून सरळ केला.

"माय वं," काकू म्हणाल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले, पण त्यांनी ते आवरले. बरोब्बर कूलरसमोर खुर्ची ओढली, बसल्या, पदर सैल केला. "हवा छान आहे. वाजवा."

काका बसले. त्यांनी सोमवारपासून सुरुवात केली, ताठ मानेनं, दोन्ही हातांनी. कितीतरी महिन्यांनी डावा हात मांडीवरून उठला होता. धम-चक, धम-चक, आणि दुसऱ्या ओळीला निम्म्या पट्ट्या खाली बसलेल्या. तिसऱ्या ओळीला काकांची बोटं खड्ड्यांत पडू लागली. पियानोचं तोंड दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. मग सूरच उरले नाहीत. नुसता ठोकल्याचा आवाज, आणि मग तोही थांबला.

कूलरचा पंखा तेवढा चालू होता. काकांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"जमलं नाही वं," ते म्हणाले. पियानोला की काकूंना, कळलं नाही.

काकूंनी पिशवी जमिनीवर ठेवली. उठल्या, आपली खुर्ची ओढत पियानोपर्यंत नेली, काकांच्या डाव्या बाजूला लावली आणि बसल्या. खाली पडलेल्या एका पट्टीच्या कडेखाली त्यांनी नख घातलं आणि ती टक्कन वर उचलली.

"वाजवा," त्या म्हणाल्या. "मी उचलते."

"अवं, असं नाही वाजत."

"मागावर तुटलेला धागा चालत्या मागात पकडत होती मी. तुमच्या पट्ट्या काय पळून चालल्या का? वाजवा म्हटलं ना."

काकांनी अडखळत बुधवारची लड धरली. ते दाबत, काकू उचलत. आधी त्यांची बोटं एकमेकांवर आपटत होती. "तो काढा ना हात." "तुझाच मधे येऊन राहिला." मग काकूंच्या उचलण्याला मागाची चाल सापडली. टक, टक, टक-टक. जी पट्टी त्या वर आणतील तीच काकांना वाजवता येत होती, म्हणून लड वाकडी झाली, फाटली, भलत्याच सुरात गेली, पुन्हा वळली. पुढचा सूर कोणता येणार हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी फडकं हातात घेऊन उभी होते आणि माझ्या ध्यानात आलं की हा शनिवार आहे. अगदी अस्सल शनिवार, चाल नसलेला, पुढचं न ठरलेला. फक्त या वेळी काकू देवळात नव्हत्या, शनिवारच्या आत बसल्या होत्या. त्यांचे खांदे आता कोणाच्याच ताब्यात नव्हते. काका घामानं निथळत होते, एक पाय जमिनीवर आपटत होते आणि हसत होते, मंगळवारपेक्षा मोठ्यानं.

"हे तुमचं शनिवारचं ना?" काकूंनी उचलता उचलता विचारलं.

"हो."

"मग आधी सांगायचं ना, की यात मलेपण हात पाहिजे म्हणून."

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. मी ठरवलेला ऑटो, ठरवलेल्या वेळी. मी काकूंच्या पिशवीकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांनी मान वळवली नाही.

"त्याले सांग, जा म्हणा," त्या म्हणाल्या. "इथे हात रिकामा नाही."

मी फाटकाशी गेले. ऑटोवाला मान लांब करून घराकडे पाहत होता. उघड्या खिडक्यांतून तो आवाज रस्त्यावर सांडत होता.

"मॅडम, आत काही तुटून राहिलं का?"

"पियानो," मी म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की फाटक धरावं लागलं. तोही मग कारण न कळता हसायला लागला. त्यानं ऑटो वळवला, आणि वळवता वळवता हॉर्नवर त्याचा अंगठा आतल्या खटखटीशी जुळवून घ्यायला लागला.